ठिपके, काड्या आणि शिंपला : माया अंकांनी गुणाकार हाताने मांडून करूया

मेक्सिको-ग्वातेमाला भागातल्या प्राचीन माया लोकांच्या नावावर, ‘माया लोकांचा गुणाकार’ म्हणून फिरणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तिरक्या रेघा ओढायच्या, त्या एकमेकींना छेदतात ते बिंदू मोजायचे, की उत्तर तयार. हीच पद्धत दुसऱ्या व्हिडिओत जपानी असते, तिसऱ्यात चिनी, चौथ्यात वैदिक. गणित म्हणून ती बरोबर आहे. पण ती माया लोकांची होती असा एकही पुरावा नाही. त्यांच्या उरलेल्या हस्तलिखितांत आणि शिलालेखांत कुठेही रेघांचा गुणाकार सापडत नाही.

याची हळहळ एका कारणाने वाटते. माया लोकांनी आकड्यांचं जे खरोखर केलं, ते या रेघांपेक्षा पुष्कळ सुंदर आहे आणि मुलांना हातात घेऊन शिकता येतं. या लेखात ते पायरीपायरीने करू. रेघांची पद्धतही बघू, पण तिच्या खऱ्या जागी.

लागणारं साहित्य

मूठभर चिंचोके, बोटाएवढे तोडलेले खराट्याचे हीर आणि चार-पाच छोटे शिंपले किंवा कवड्या. हीर नसतील तर आइस्क्रीमच्या काड्या चालतील. शिवाय घरं आखायला एक मोठा कागद. कागद-पेन्सिलीनेही सगळं करता येतं, पण माझा आग्रह वस्तूंचा आहे. दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने १५६६ च्या सुमारास मेक्सिकोतल्या युकातान या माया प्रदेशाबद्दल जे लिहून ठेवलं, त्यात हे लोक जमिनीवर किंवा सपाट जागेवर हिशेब मांडतात आणि कोकोच्या बियांच्या व्यापारात ही मोजणी फार वापरतात, अशी नोंद आहे. याच लांदाने १५६२ मध्ये मानी या गावी माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. गुणाकाराची रीत सांगणारं एकही माया लेखन आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. त्यामुळे खाली दिलेली गुणाकाराची मांडणी ही त्यांच्या अंकांवरून आजच्या लोकांनी जुळवलेली आहे. अंक मात्र शंभर टक्के त्यांचे.

पायरी १ : संख्या मांडा

चिन्हं तीनच. ठिपका (आपला चिंचोका) म्हणजे १, आडवी काडी (आपला हीर) म्हणजे ५, शिंपला म्हणजे शून्य. एका घरात १९ पर्यंतची संख्या बसते, म्हणजे जास्तीत जास्त चार ठिपके आणि तीन काड्या.

७ : ▬ ●●
१३ : ▬▬ ●●●
१९ : ▬▬▬ ●●●●

(इथे ओळीत लिहावं लागतंय. प्रत्यक्ष मांडताना काड्या एकावर एक ठेवा आणि ठिपके त्यांच्या वर.)

२० झाले की वरच्या घरात जायचं. आपली घरं उजवीकडून डावीकडे सरकतात, त्यांची खालून वर चढतात. सर्वांत खाली एककाचं घर, त्यावर विसाचं, त्यावर चारशेचं, त्यावर आठ हजाराचं. प्रत्येक घर खालच्याच्या वीसपट. आपल्याकडे विसांनी मोजणं अगदीच परकं नाही. जुनी माणसं ‘तीन विसा नि पाच’ असं सहज म्हणत आणि कोडीने मोजत. मात्र विसांची घरं रचून, रिकाम्या घरात शून्याची खूण ठेवून मोठमोठ्या संख्या लिहिणं हे माया लोकांचं काम.

कागदावर चार आडवी घरं आखा आणि १५६२ मांडून बघा. १५६२ मधून चारशे तीन वेळा जातात, उरले ३६२. त्यातून वीस अठरा वेळा जातात, उरले २.

चारशेचं घर : ●●●
विसाचं घर : ▬▬▬ ●●●
एककाचं घर : ●●

आता २० मांडा. विसाच्या घरात एक ठिपका, आणि एककाच्या घरात शिंपला. मुलं इथे हमखास शिंपला ठेवायचा विसरतात. वस्तूंनी खेळताना घर रिकामं दिसतं म्हणून चालून जातं, पण कागदावर उतरवताना शिंपला नसेल तर २० चा १ होतो. ग्वातेमालातल्या उआशाक्तून इथल्या, इसवी सन ३५७ ची तारीख असलेल्या शिळांवर शून्याची खूण कोरलेली आहे. ती शिंपल्यापेक्षा वेगळी, फुलासारखी दिसते. शिंपला हस्तलिखितांत येतो.

शिळांचे फोटो बघून अंक वाचायला बसलात तर एक सावधगिरी. कोरणारे कारागीर एक किंवा दोन ठिपक्यांच्या बाजूला मोकळी जागा भरायला चंद्रकोरीसारखे आकार कोरत. ते मोजायचे नाहीत.

पायरी २ : बेरजेचे दोन नियम हातात बसवा

गुणाकाराआधी हे पक्कं हवं. एका घरात पाच ठिपके जमले की ते उचलून त्याच घरात एक काडी ठेवा. चार काड्या जमल्या की त्या उचलून वरच्या घरात एक ठिपका ठेवा. बस, एवढंच. आपला ‘हातचा’ इथे डोक्यात धरावा लागत नाही, तो खरोखर हाताने उचलून वर ठेवला जातो.

५८४ आणि ३६५ यांची बेरीज करून बघा. ५८४ म्हणजे वरून खाली १, ९, ४. ३६५ म्हणजे १८ आणि ५. सगळे चिंचोके-काड्या घरोघर एकत्र ढकला. एककात चार ठिपके आणि एक काडी, म्हणजे ९, तिथे काही करायला नको. विसाच्या घरात ९ आणि १८ मिळून चार काड्या आणि सात ठिपके. चार काड्या वर गेल्या आणि चारशेच्या घरात एक ठिपका वाढला. सात ठिपक्यांतले पाच जाऊन एक काडी आली. आता वाचा : चारशेच्या घरात २, विसाच्या घरात ७, एककात ९. म्हणजे ८०० + १४० + ९ = ९४९.

वजाबाकी उलट्या दिशेने. ठिपके कमी पडले तर काडी मोडून पाच ठिपके, काड्या कमी पडल्या तर वरचा ठिपका उतरवून चार काड्या.

पायरी ३ : गुणाकाराचे तीन नियम

आपल्याला दशमान गुणाकारासाठी नऊपर्यंतचे पाढे लागतात. विसाच्या पद्धतीत एकोणीसपर्यंतचे लागायला हवेत, असं वाटतं. पण चिन्हं ठिपका आणि काडी एवढीच असल्याने खालच्या तीन गोष्टींवर सगळं भागतं.

ठिपका गुणिले ठिपका म्हणजे ठिपका.
ठिपका गुणिले काडी म्हणजे काडी.
काडी गुणिले काडी म्हणजे पंचवीस. तेव्हा वरच्या घरात एक ठिपका आणि त्याच घरात एक काडी.

तिसऱ्या नियमावर थांबा. मुलांना तो पाठ करायला सांगू नका. पाच काड्या ठेवायला लावा, चार उचलायला लावा, काय उरलं ते त्यांनाच सांगू द्या.

विसाने गुणायचं असेल तर सगळी संख्या एक घर वर सरकवा आणि खाली शिंपला ठेवा. पाचाने गुणायचं असेल तर प्रत्येक ठिपक्याची काडी करा आणि प्रत्येक काडीला तिसरा नियम लावा. हे करून बघण्यासाठी मी मुद्दाम ५८४ गुणिले ५ घेतो, कारण हा गुणाकार माया ज्योतिषांच्या फार जवळचा होता (का, ते पायरी ५ मध्ये).

५८४ ची मांडणी अशी : चारशेच्या घरात ●, विसाच्या घरात ▬ ●●●●, एककात ●●●●.

एककापासून सुरू करा. चार ठिपक्यांच्या चार काड्या झाल्या. चार काड्या म्हणजे वर एक ठिपका, खाली काही उरलं नाही, शिंपला ठेवा. विसाच्या घरात चार ठिपक्यांच्या चार काड्या झाल्या. तिथल्या एका काडीचे तिसऱ्या नियमाने वर एक ठिपका आणि इथे एक काडी. म्हणजे इथे पाच काड्या, शिवाय एककातून आलेला एक ठिपका. चार काड्या वर पाठवल्या, उरली एक काडी आणि एक ठिपका, म्हणजे ६. चारशेच्या घरात मूळच्या ठिपक्याची काडी झाली आणि खालून दोन ठिपके आले, म्हणजे ७.

चारशेचं घर : ▬ ●●
विसाचं घर : ▬ ●
एककाचं घर : शिंपला

२८०० + १२० + ० = २९२०. कुठेही पाढा म्हणावा लागला नाही.

पायरी ४ : दोन घरांच्या संख्यांसाठी चौकट

दोन्ही संख्या विसापेक्षा मोठ्या असल्या की वस्तूंची गर्दी होते. तेव्हा चौकट आखा. २३ गुणिले ३१ घेऊ. २३ म्हणजे विसाच्या घरात १ आणि एककात ३. ३१ म्हणजे विसाच्या घरात १ आणि एककात ११.

दोन बाय दोनची चौकट काढा. वरच्या कडेला २३ लिहा : डाव्या स्तंभावर ●, उजव्या स्तंभावर ●●●. डाव्या कडेला ३१ लिहा : वरच्या ओळीपुढे ●, खालच्या ओळीपुढे ▬▬ ●.

आता प्रत्येक खणात त्याच्या ओळीचं आणि स्तंभाचं चिन्ह गुणून ठेवा.

वर-डावा खण : ●
वर-उजवा खण : ●●●
खाली-डावा खण : ▬▬ ●
खाली-उजवा खण : ▬▬▬▬▬▬ ●●●

शेवटच्या खणात तीन ठिपक्यांनी दोन काड्यांना गुणल्यावर सहा काड्या येतात आणि तीन ठिपक्यांनी एका ठिपक्याला गुणल्यावर तीन ठिपके.

आता कोणता खण कोणत्या घराचा ते ओळखायचं. वर-डावा वीस गुणिले वीस, म्हणजे चारशेचा. खाली-उजवा एककाचा. उरलेले दोन्ही विसाचे, आणि ते एकाच तिरक्या रेषेत येतात. म्हणून तिरकं गोळा करायचं. विसाच्या तिरक्या रेषेत एकूण ▬▬ ●●●● जमले. एककातल्या सहा काड्यांपैकी चार उचला आणि विसात एक ठिपका द्या. तिथे आता पाच ठिपके झाले, त्यांची काडी केली.

चारशेचं घर : ●
विसाचं घर : ▬▬▬
एककाचं घर : ▬▬ ●●●

४०० + ३०० + १३ = ७१३. आपल्या रीतीने पडताळून बघा.

चौकट आणि तिरकी बेरीज ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १६ व्या शतकात भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर लिहिलेल्या टीकेत चौकटींचा गुणाकार येतो. अरबी गणितात आणि इटलीतही तो प्रचलित होता. तेव्हा चौकटीचं श्रेय माया लोकांना देऊ नका. चौकट इतरांची, अंक त्यांचे.

जरा मोठं उदाहरण हवं असेल तर ३६५ गुणिले ५२ करा. ३६५ म्हणजे १८ आणि ५, ५२ म्हणजे २ आणि १२. एककाच्या खणात ६० येतात, म्हणजे शिंपला आणि वर ३. विसाच्या तिरक्या रेषेत २१६ आणि १० आणि ते ३, मिळून २२९, म्हणजे ९ ठेवून वर ११. चारशेच्या खणात ३६ आणि ११ मिळून ४७, म्हणजे ७ ठेवून वर २. उत्तर वरून खाली २, ७, ९, शिंपला : १८,९८०. सौर वर्षाचे ३६५ दिवस आणि विधींच्या पंचांगाचे २६० दिवस पुन्हा एकाच जागी जुळायला नेमके एवढेच दिवस लागतात. माया लोकांचं ५२ वर्षांचं चक्र ते हेच.

रेघांची पद्धत, तिच्या जागी

ही दशमान पद्धतीत करायची असते. २३ गुणिले १४ साठी तिरक्या दोन रेघा, थोडं अंतर सोडून तीन रेघा. त्यांना छेदणारी एक रेघ, अंतर सोडून चार रेघा. डावीकडच्या कोपऱ्यात २ छेदबिंदू, मधल्या दोन ठिकाणी मिळून ८ आणि ३, म्हणजे ११, उजवीकडे १२. उजवीकडून हातचा घेत या : १२ चे २ ठेवून १ पुढे, ११ आणि १ म्हणजे १२, पुन्हा २ ठेवून १ पुढे, २ आणि १ म्हणजे ३. उत्तर ३२२. शून्य असेल तिथे तुटक रेघ काढा आणि तिच्यावरचे बिंदू मोजू नका.

बारकाईने पाहिलंत तर ही पायरी ४ मधलीच चौकट आहे, फक्त खणात आकडा लिहिण्याऐवजी छेदबिंदू मोजले जातात. म्हणून ती चालते. आणि म्हणूनच ८९ गुणिले ९७ ला ती रडकुंडीला आणते, कारण एकाच कोपऱ्यात ८१ बिंदू मोजावे लागतात. गुणाकारात ‘प्रत्येकाला प्रत्येकाने’ गुणायचं असतं हे डोळ्यांना दाखवायला ती चांगली आहे. रोजच्या हिशेबाला नाही.

विसाच्या पद्धतीतही ती वापरायची असेल तर पाचासाठी जाड रेघ आणि एकासाठी बारीक रेघ काढा. बारीक-बारीक छेदलं तर १, जाड-बारीक ५, जाड-जाड २५. पायरी ३ चे तीन नियम पुन्हा समोर येतात. वर्गात घेण्यासारखी कृती आहे, फक्त ती आजची आहे हे मुलांना सांगून घ्या.

पायरी ५ : हस्तलिखितातली खरी रीत

माया लोक मोठ्या गुणाकारांचं काय करत याचा ठसा जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या हस्तलिखितात आहे. हे हस्तलिखित तिथल्या ग्रंथालयाकडे १७३९ मध्ये आलं. १९ व्या शतकाच्या शेवटी तिथलेच ग्रंथपाल एर्न्स्ट फोर्स्टेमान यांनी त्यातली कालगणना उलगडली. त्यात शुक्राचं कोष्टक आहे. शुक्र पुन्हा त्याच स्थितीत दिसायला सुमारे ५८४ दिवस लागतात. अशा पाच फेऱ्या म्हणजे २९२०, आणि ३६५ दिवसांची आठ वर्षंही २९२०. कोष्टकाच्या सुरुवातीच्या पानावर या २९२० च्या पटी ओळीने लिहून ठेवल्या आहेत. म्हणजे त्यांच्या हाताशी तयार पाढा होता. गुणाकार दर वेळी नव्याने करायचा नाही, पटी एकदा लावून ठेवायच्या आणि हव्या त्या काढायच्या. पाढ्यांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे लगेच पटावं.

इथे घरांचा एक नियम बदलतो आणि बरेच लोक याच ठिकाणी चुकतात. दिवस मोजताना तिसरं घर ४०० चं नसतं, ३६० चं असतं, कारण ते वर्षाच्या जवळ जातं. त्यापुढे पुन्हा वीसपट : ७२०० आणि १,४४,०००. म्हणजे दुसऱ्या घरात १८ झाले की वर एक जातो. बाकी घरांत वीसच. या गणनेत २९२० असे लिहितात : ८.२.०, म्हणजे आठ वेळा ३६०, दोन वेळा २०, शून्य दिवस.

आता ही पाढ्याची यादी स्वतः तयार करा. मी दुपटीने जातो. हस्तलिखितात उत्तरं दिली आहेत, वाट आपली.

दुप्पट : १६.४.०
चौपट : ३२.८.० होतात, ३२ मधून २० वर, म्हणून १.१२.८.०
आठपट : २.२४.१६.० होतात, २४ मधून २० वर, म्हणून ३.४.१६.०

बारापटीसाठी आठपट आणि चौपट मिळवा. दुसऱ्या घरात १६ आणि ८ मिळून २४ होतात. इथे नियम अठराचा, म्हणून ६ उरले आणि एक वर गेला. उत्तर ४.१७.६.०. त्यात मूळ ८.२.० मिळवा. दुसऱ्या घरात ८, तिसऱ्यात २५, म्हणजे ५ ठेवून एक वर. तेरापट झाली ५.५.८.०.

हीच संख्या ड्रेस्डेनच्या पानावरही आहे. आपल्या आकड्यांत ३७,९६०. तिला ५८४ ने भागा, ६५ येतात. ३६५ ने भागा, १०४ येतात. २६० ने भागा, १४६ येतात. तिन्ही वेळा बाकी शून्य : शुक्राच्या ६५ फेऱ्या, १०४ वर्षं आणि विधींच्या पंचांगाची १४६ आवर्तनं त्या एका दिवशी एकत्र पूर्ण होतात.